लॅटिनचे कोडे, मराठीची किल्ली

विधी महाविद्यालयात असताना ‘ॲक्टस रिअस’ आणि ‘मेन्स रिआ’ ही जोडी आम्ही इतरांप्रमाणेच घोकली. पहिले अपराधी कृत्य, दुसरे अपराधी मन. मात्र एकीकडे ‘रिअस’ आणि दुसरीकडे ‘रिआ’ का, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. परीक्षेपुरते पाठांतर पुरेसे होते.

पुढे कुतूहलापोटी लॅटिन व्याकरणाचे प्राथमिक पुस्तक हाती घेतले, तेव्हा सुरुवातीच्या धड्यांतच उत्तर सापडले. मराठीप्रमाणे लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलते. ‘ॲक्टस’ पुल्लिंगी, ‘मेन्स’ स्त्रीलिंगी. खोटा दावा, खोटी साक्ष, खोटे प्रतिज्ञापत्र असे आपण म्हणतो, तोच हा नियम. शिवाय ‘मेन्स’ आणि संस्कृत ‘मति’ एकाच मुळातून आलेले, दोन्ही स्त्रीलिंगी. ज्या इंग्रजीतून आम्ही कायदा शिकलो, तिच्यात विशेषण लिंगानुसार बदलतच नाही. कोड्याची किल्ली आमच्या घरच्या भाषेत होती.

भाषांतराला बसल्यावर आणखी उलगडा झाला. ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’ हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व. ‘ऑडी’ म्हणजे ‘ऐक’. एकवचनी आज्ञा, तीही निवाडा करणाऱ्याला. पुढच्या दोन्ही शब्दांच्या अखेरीचा ‘म’ संस्कृतातील ‘रामम्’प्रमाणे द्वितीया दर्शवितो. आणि ‘आल्टेर’ म्हणजे कोणताही दुसरा नव्हे, दोहोंपैकी दुसरा; अनेकांतल्या दुसऱ्यासाठी लॅटिनमध्ये ‘आलिउस’ हा निराळा शब्द आहे. संस्कृत ‘अन्यतर’मधील ‘तर’ आणि ‘आल्टेर’चा शेवट यांचे मूळ एकच. बाजू दोन आहेत आणि एकच ऐकून निवाडा होत नाही, हे त्या एका शब्दातच सामावले आहे. इतके जाणण्यासाठी भाष्यग्रंथ लागला नाही. विभक्ती ओळखता येणे पुरेसे ठरले.

‘मराठी व्याकरण शिकून उपयोग काय?’ असे सीमाभागातील पालक आम्हांला विचारतात. लिंग, वचन, विभक्ती ज्याला मातृभाषेत कळली, त्याला परकी भाषा निम्मी ओळखीची वाटते, हे आमचे उत्तर. मराठी ही इतर भाषांच्या वाटेतील धोंड नव्हे, पायरी आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे: विधीच्या वर्गात लॅटिन सूत्र फळ्यावर लिहिताना त्याखाली प्रत्येक शब्दाची विभक्ती आणि मराठी अर्थ लिहावा. दोन ओळींचे काम आहे. पण त्यातून विद्यार्थी घोकायचे थांबून वाचू लागेल.