ओझं आपलं, अक्कल कुणाची?

दोस्तांनो, दिवसा गोदीत गोणी उचलतो, रात्री मैदानात बेसच्या पेट्या. पाठीला दोन्ही सारख्याच. म्हणून बोलतो.

उघड्यावर आवाजाला ना भिंत, ना छप्पर. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. तिथं पोटात भोंगा असलेली पेटी कामाची. पडद्याचा जोर भोंगा हवेला नीट पोचवतो. तेवढ्याच वॅटात साध्या पेटीपेक्षा जास्त आवाज. पण ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब. एकट्या पेटीचं तोंड तिला पुरत नाही, खालचा सूर पडतो. चार पेट्या जमिनीवर खेटून रचा. चारांचं मिळून एकच मोठं तोंड होतं, सूर खाली उतरतो.

आपण काय करतो? जयंतीला दोन पेट्या डावीकडं, दोन उजवीकडं. मग मधोमध दणका, बाजूला पोकळी. बेस लागला नाही म्हणून आणखी वॅट भाड्यानं आणतो. पैसा कुणाचा? वस्तीच्या वर्गणीचा. भाडेवाला गालात हसतो. पेटी आपण उचलतो, तिचं शास्त्र त्याच्या खिशात.

हे किती दिवस? पुढच्या १४ एप्रिलआधी एक पेटी उघडा. आत डोकवा. मोजा. ज्याच्या पाठीवर ओझं, त्याच्याच डोक्यात त्याचं गणित पायजे.