साक्षांकन नमुन्यातला एक रकाना

मागच्या रविवारी सकाळी एक आई मुलाला घेऊन दारात उभी राहिली. मुलगा केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या भरतीत निवडला गेलेला. धावला, मेडिकल झाले, यादीत नाव लागले, वस्तीत पेढेही वाटून झाले. आता हातात साक्षांकन नमुना होता आणि एका रकान्यापाशी मायलेक अडले होते. कधी अटक झाली होती काय, कधी खटला भरला गेला होता काय?

झाला होता. चार वर्षांपूर्वी नळावरच्या भांडणात पोराने शेजाऱ्याचा हात मोडला. पुढे दोन्ही घरांत समेट झाला, कोर्टाने सोडले. आई म्हणाली, "भाऊ, सगळे म्हणतात 'नाही' लिहा. मिटलेली केस कोण उकरतंय?"

बंधू-भगिनींनो, चारित्र्य पडताळणीचे कामच मुळी मिटलेले उकरण्याचे आहे. कागद तुमच्या पोलीस ठाण्यात जातो, तिथली नोंद पाहिली जाते. खोटी माहिती दिल्यास उमेदवार अपात्र ठरेल, हे त्याच नमुन्यावर छापलेले असते. ते वाचतो कोण? आपण थेट सहीपाशी जातो.

राजस्थानातील सरकारी वीज प्रसारण कंपनीच्या एका कर्मचाऱ्याची गोष्ट ऐका. गुन्हा किरकोळ मारहाणीचा, कोर्टाने शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेले. पण नोकरी घेताना त्याने ते लपवले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी योग्य ठरवली. मारहाण बाजूलाच राहिली, नडले ते खोटे. उलट दिल्ली पोलिसांच्या भरतीतला एक तरुण, मारामारीच्या गुन्ह्यात तडजोडीने सुटलेला. अर्जात त्याने लिहिले नव्हते, मात्र साक्षांकन नमुन्यात सांगून टाकले. २०११ साली त्याच न्यायालयाने, तरुण वयात हातून चुका होतात, असे म्हणून त्याच्या बाजूने निकाल दिला.

पुढे २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सर्व नियम एकत्र बांधले. मोर्च्यात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब सांगायची राहिली तर अधिकारी ती माफ करू शकतात. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर ज्यांच्यावर गुन्हे नोंदले गेले, त्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्यावर गुन्हा आहे हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याने लपवले असेही म्हणता येत नाही. पण तेच न्यायालय हेही सांगते की, खरे लिहिले म्हणजे नोकरी मिळालीच पाहिजे असे नाही. गुन्हा कसला, सुटका कशी झाली, पद कोणते, हे पाहून अधिकारी ठरवतील. पोलीस दलात हा चाळणा अधिक बारीक असतो. आईला हे स्पष्ट सांगितले. तिचा चेहरा उतरला, पण खोटा धीर मला देववेना.

आणखी एक. चॅप्टर केसला आपल्याकडे केस मानत नाहीत. "नुसता बाँड लिहून दिला," म्हणतात. पण केंद्राच्या नमुन्यात असा बाँड घेतला होता काय, याचाही प्रश्न असतो, आणि परीक्षेला बसण्यास बंदी झाली होती काय, याचाही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार तो दोष पुढे अपात्रता ठरत नाही. सोळा वर्षांपुढील ज्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्या माणसासारखा खटला चालला, त्याला ही सवलत नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, 'होय' लिहितो. पण खाली जागा एकाच ओळीची आहे."

मी म्हटले, केस नंबर, कलम, कोर्टाचे नाव, निकालाची तारीख एवढे ओळीत बसव. बाकीचे वेगळ्या कागदावर लिही, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोड आणि सगळ्याची झेरॉक्स आपल्याजवळ ठेव. नकलेचा अर्ज सोमवारी देणार होता. त्या दिवसाची बिगारी बुडणार, म्हणून आई हिशेब करत होती.