आधी श्वास सोडा

घरातील वडीलधारे माणूस घाबरले किंवा रात्री दचकून उठून बसले, की आपण चटकन म्हणतो, "मोठा श्वास घ्या." सल्ला मायेचा असतो, पण अपुरा. अस्वस्थ मनुष्य आधीच छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास घेत असतो. त्याने आणखी जोराने हवा ओढली, तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना व बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती वाढते. म्हणून सांगावे ते असे : "आधी श्वास सोडा, सावकाश."

श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. मेंदूपासून उदरापर्यंत पोहोचणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला लगाम घालतो. उच्छ्वास लांबला, की लगामही अधिक वेळ राहतो. वयोमानाने हा चढउतार कमी होत जातो, तरी संथ श्वसनाने लाभणारी शांतता उतारवयातही अनुभवता येते.

खुर्चीत पाठ टेकून बसावे, पावले जमिनीवर असावीत. गुडघे दुखत असता मांडी घालण्याचा हट्ट कशाला? एक तळहात पोटावर ठेवावा. मनात तीन अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, चार मोजत सोडावा. सवय झाल्यावर हेच चार आणि सहा करावे. एरवी विश्रांतीत मिनिटाला 12 ते 20 श्वास होतात. या रीतीने ते 6 वर येतात. पाच मिनिटे पुरे. दम लागण्याचा जुना विकार असणाऱ्यांनी ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडावा.

अंक मोजणे रुक्ष वाटत असेल, तर नामजप आहेच. इटलीतील संशोधकांनी 23 निरोगी व्यक्तींकडून लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणवून घेतला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही वेळी श्वसन मिनिटाला सुमारे 6 वर आले. देवघरापाशी संथपणे स्तोत्र म्हणणाऱ्या आजींचा श्वासही असाच लांबत असतो. स्वयंपाकाची घाई म्हणून उरकलेल्या पाठाला मात्र हे लागू नाही!

शुश्रूषा करणाऱ्यांना एक सांगणे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला अंक मोजण्यास सांगून उपयोग नसतो. सूचनांनी ती अधिकच गोंधळते. शेजारी बसावे, तिची हरकत नसेल तर हात हाती घ्यावा आणि आपणच ऐकू येईल असा लांब श्वास सोडत राहावे. पुष्कळदा तिचा श्वास हळूहळू आपल्या श्वासामागे येतो. आला नाही, तरी रात्रीच्या जागरणाने शिणलेल्या आपल्या जिवाला विसावा मिळतोच.

उच्च रक्तदाब, हृदयविकार वा काचबिंदू असणाऱ्यांनी श्वास रोखून धरू नये. कपालभाती व भस्त्रिका तर वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नयेत. चक्कर आल्यास अभ्यास थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. आणि छातीत दडपण, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ, किंवा अचानक लागलेली धाप ही लक्षणे दिसली, तर 'मनाचा ताण असेल' असे म्हणून श्वास मोजत बसू नये. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेहींमध्ये, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अशा वेळी लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.