शाळेंत त्वचेच्या रक्षणाचा पाठ हवा

ऑस्ट्रेलियांतील पुष्कळ शाळांत टोपीवांचून मुलांस उन्हांत खेळूं देत नाहींत. कारण गोऱ्या त्वचेस उन्हानें कर्करोग जडतो. आपल्या सांवळ्या त्वचेस ही भीति बरीच कमी. म्हणून यवतच्या शाळांनीं तो पाठ जसाच्या तसा उचलूं नये. आपल्याकडे लक्ष देण्याजोगी जागा कंबर ही होय. धोतराच्या घट्ट काचानें तेथें होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन मुंबईच्या डॉ. खानोलकरांनीं १९४५ सालीं केलें. परकराच्या नाडीनेंही तो क्वचित् होतो. दुपारीं डोकें झांकावें, नाडी रुंद व सैल असावी, महिनाभर न भरणारा व्रण डॉक्टरांस दाखवावा, एवढें मुलांस शिकवावें, असें आमचें आग्रहाचें मत आहे. मुलें घरीं सांगतील, तेव्हां वडील माणसांनीं तें हंसण्यावारी नेऊं नये.