कबड्डीचा लिलाव आणि आमचे गाळे

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झाला. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा पाच कोटींची होती. तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर २ कोटी ६०।। लाख लावले, निम्म्याहून अधिक थैली एका माणसावर रिकामी झाली. संघ २२ पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. पण त्यांच्याजवळ स्वतः घडविलेली तरुण मुले होती. नगर जिल्ह्यातील कर्णधार अस्लम इनामदार त्यांपैकीच. मार्च २०२४ मध्ये पलटण विजेती ठरली.

पुढच्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांत हरियाणाकडे गेला आणि त्याच डिसेंबरात हरियाणा विजेता झाला. पुण्यात कोणी त्याला नमकहराम म्हटले नाही. मुदत संपली होती, हिशेब चुकता होता.

साकीनाका, जोगेश्वरी, घाटकोपरच्या गाळ्यांत मात्र उलट चालते. शेठ कारागिराला उचल देतो, उचल फिटत नाही, कागद कोणाकडेच नसतो. शेजारचा कारखानदार उचल फेडून कारागीर नेतो आणि दोन घरांत वैर उभे राहते. उचलीपोटी माणूस अडवून ठेवणे हा तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

मजुरी ठरविल्याशिवाय मजुराला कामास लावू नये, ही नबी (स.) यांची शिकवण. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. कबड्डीवाल्यांनी जे केले ते आम्ही आधी करावयास हवे होते.

आमची सूचना अशी. मजुरी, मुदत आणि उचल कागदावर लिहावी. एक प्रत कारागिराकडे राहावी. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी शेठने स्वतः बोलणी काढावीत. कबड्डीत अखेरच्या बोलीइतकी रक्कम देऊन जुना खेळाडू राखण्याची सोय आहे. जमिनीच्या व्यवहारातील शुफ्याच्या हक्काशी तिचे नाते जुळते. बाहेर जास्त मिळत असेल तर शेठने तेवढे द्यावे, नाहीतर हसतमुखाने निरोप द्यावा. एका उस्तादावर सारी थैली रिती करू नये. त्याच्या हाताखाली दोन शागीर्द तयार करावेत.

एक गोष्ट मात्र उचलू नये. पाच कोटींची मर्यादा संघ तुल्यबळ राहावेत म्हणून आहे. कारखानदारांनी एक होऊन मजुरीला छत घातले तर तो जुलूम होईल. खेळाडूला लाखो मिळतात. आमच्या कारागिराच्या हाती त्याचे कसब तेवढे आहे. त्याचा भाव बाजारात ठरू द्यावा.

येत्या ईदपूर्वी निदान उचलीच्या वह्या तरी दोघांच्या सहीने पुऱ्या व्हाव्यात, एवढेच आमचे सांगणे.