ताट पेहलवानाचे, ढेकर प्रवचनकाराचे

पेहलवानाच्या ताटात डोकावण्याचा छंद बहुधा अशांनाच जडतो, ज्यांनी उभ्या जन्मात एक धड बैठक मारलेली नसते. आमच्या हैदराबादेत असे मल्लविद्यामार्तंड मुबलक. सिद्धान्त एकच: भारतीय मल्ल सात्त्विक. दूध, तूप, बदाम, थंडाई. मांस? छे, ती परक्यांची खोड! आणि हे प्रवचन कोणाच्या तसबिरीखाली? गामा पेहलवानाच्या! यखनी, म्हणजे मांसाचा रस्सा, रिचवणाऱ्या गामाच्या!

यांना एकदा बारकसला न्या. निजामाच्या फौजेतल्या अरबांची ही वस्ती, पेहलवानांसाठी आणि हरीससाठी नावाजलेली. हरीस म्हणजे गहू आणि गोश्त तासन्‌तास घोटून साधलेले अद्वैत. त्यातला सात्त्विक गहू आणि तामसी गोश्त कोणत्या पळीने वेगळे करणार, शास्त्रीबुवा? कोल्हापूरला जावे तर तिथेही पंचाईत. सकाळी थंडाई पिणारा गडी रात्री मटणावर ताव मारतो, आणि दोन्ही सुखाने पचतात. पचत नाही ते फक्त यांना.

बनारसच्या आखाड्यांत दूध-तुपावर मल्ल घडले. सुशीलकुमारने शाकाहारावर दोन ऑलिंपिक पदके आणली. मान्य, मुजरा! पण बदामाने बळ येते म्हणून मटणाने कुस्ती बाटते, हे कोणते तर्कशास्त्र?

खरी गोम वेगळीच आहे. खुराक पुराणातून येत नसे, खजिन्यातून येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्ल पोसले, त्यांच्यासाठी 1912 साली खासबागचे कुस्ती-मैदान उभे केले. संस्थाने गेली आणि खुराकाचा धनीच गेला. 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला मल्ल खाशाबा जाधवांना लोकांपुढे हात पसरावे लागले. त्यांच्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तेव्हा सात्त्विकतेचे ठेकेदार कुठे जप करत बसले होते?

कोल्हापुरात तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीलाही ताक, हळद, लिंबू, तेल मिळते. गरिबाघरच्या पोराला तालमीत घालायचे, तर बाप आधी मातीचाच हेवा करील!

म्हणून प्रवचनकारांना एकच विनंती. मटणाला पैसे देणे पाप वाटते ना? मग बदामाचे द्या. दर महिन्याला, रोख. काय म्हणता? उद्यापासून मौनव्रत? बरोबर, तेही सात्त्विकच.