जुन्या मोटारींस नवें घर

नाशकासारख्या शहरांत जुन्या मोटारगाड्यांचें एक संग्रहालय असावें, असें आम्हांस वाटतें. सातपूर येथील कारखान्यांत तयार झालेल्या मोटारी देशभर जातात. २००२ सालीं निघालेली स्कॉर्पिओ ही येथलीच. शेजारीं अहिल्यानगरास १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेव्हां आतां विचार करावयाचा तो असें घर कसें बांधावें याचा.

पुष्कळांस कांचेचा चकचकीत महाल हवा असतो. परंतु जुन्या गाडीचे शत्रू तीन : दमट हवा, कडक ऊन आणि धूळ. दमटपणानें पत्रा गंजतो. उन्हानें रंग विटतो व चामड्याच्या बैठकी तडकतात. कांचेच्या घरांत ऊन सहज शिरतें. मग तें थंड राखण्यासाठीं यंत्रें रात्रंदिवस चालवावीं लागतात. हा खर्च वर्षानुवर्षें कोणी सोसावा? आणि मोटारींच्या धुरानें जग तापत असतां, त्यांच्या इतिहासाचें घरहि तोच ताप वाढवूं लागलें, तर मुलांनीं त्यांतून काय शिकावें?

उपाय आपल्या जवळच आहे. त्रिरश्मी डोंगरांतील लेणीं काळ्या पाषाणांत कोरलेलीं. भर वैशाखांतहि आंत गारवा असतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती व मधला चौक हेंच काम करीत. पावसाळ्यांतील दमटपणा काढण्यास यंत्र लागेल, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु तें चार महिन्यांचें काम, बारा महिन्यांचें नव्हे.

जागाहि जपून निवडावी. गोदेचा कांठ रम्य खरा. परंतु २००८ व २०१९ सालीं दुतोंड्या मारुतीस पुरानें वेढलें, हें नाशिककर विसरलेले नाहींत. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याची शुभवर्तमानांतील गोष्ट येथें आठवावी.

सर्वांत काटकसरीची इमारत मात्र ती, जी आधींच उभी आहे. फ्रान्समधील मुलूझ येथें एका जुन्या लोकरीच्या गिरणींत चारशेंहून अधिक मोटारी मांडल्या असून, १९८२ पासून लोक त्या पाहावयास येतात. जुनी वस्तु दुरुस्त करून जपणें हाच ज्या संग्रहाचा धर्म, त्यासाठीं धडधाकट इमारत पाडून नवी उभारणें विसंगत होय. आपल्या गांवांत बंद पडलेली गिरणी वा वखार कोठें आहे, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं प्रथम शोधावें. नव्या विटेचा विचार त्यानंतर करावा.